नऊ मिनिटांचे अंडे

वाकडच्या चौकात रात्री आठनंतर भुर्जीची एक गाडी लागते, आणि गेल्या वर्षी जवळजवळ चार महिने मी त्या गाडीवरून रोज दोन उकडलेली अंडी विकत घेत होते. गाडीवाला अंडे सोलून, सुरीने मधोमध चिरून, त्यावर मीठ, तिखट आणि बारीक चिरलेला कांदा घालून द्रोणात देत असे. मी मात्र त्याला "काहीच नको, सोलूही नका, तशीच पिशवीत घाला" असे सांगत असे, कारण ती अंडी मला दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला खायची असत. एकाचे पंधरा याप्रमाणे तीस रुपये होत. त्याच गाडीमागे दहा पावलांवर असलेल्या किराणा दुकानात कच्चे अंडे सात रुपयांना मिळत होते. एके रात्री गाडीवाल्याने सहज विचारले, "ताई, घरी गॅस नाही का?" गॅस होता. दोन बर्नरची शेगडी, तीन पातेली आणि आईने दिलेला पाच लिटरचा कुकरही होता. वयाच्या 32व्या वर्षी मला अंडे उकडता येत नव्हते, इतकेच.

पाण्यात टाकायचे आणि गॅस लावायचा, यात न येण्यासारखे काय आहे, असे कोणीही विचारील. मलाही तसेच वाटत होते आणि मी एकदा प्रयत्नही केला होता. फ्रीजमधून काढलेली अंडी खळखळत्या पाण्यात वरून सोडली, ती तळावर आपटून तडकली आणि पातेलेभर पांढऱ्या चिंध्या तरंगू लागल्या. त्यानंतर मी पातेले घासून ठेवले आणि गाडीवर जाऊ लागले.

अंडी खाण्याची वेळ डॉक्टरांमुळे आली. सतत थकवा वाटतो म्हणून रक्ततपासणी केली, तेव्हा बी-12 जीवनसत्त्व बरेच कमी निघाले. शाकाहारी घरांतून आलेल्या माणसांत ते पुष्कळदा कमी असते, कारण ते वनस्पतींतून मिळत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर म्हणाल्या की अंडी चालत असतील तर सकाळी दोन खात जा, एका अंड्यातून साधारण सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. चालत होती. वसतिगृहात असताना मैत्रिणींच्या ताटातून सुरुवात झाली होती. पण लातूरच्या आमच्या घरात अंडे कधी आलेच नाही, त्यामुळे ते शिजताना पाहण्याचाही प्रसंग आला नव्हता.

आणि शिजताना पाहण्याबद्दल बोलायचे तर मी भातही कधी शिजताना पाहिला नव्हता. ज्यांना 'लातूर पॅटर्न' ठाऊक आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. पहाटेचा अभ्यास, जादा तास, सराव परीक्षा आणि त्यांच्या उत्तरपत्रिकांची चिरफाड अशा चाकोरीत आमची आठवी ते बारावीची वर्षे गेली. आई शाळेत शिक्षिका. शाळेच्या आधी आणि शाळेनंतर ती ओट्याशी उभी असे, आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी दिसले की न वळता म्हणे, "तू जा, वाच. हे काय, कधीही येतं." त्या वाक्यात माझ्याविषयीची माया होती तशीच स्वतःच्या त्या दोन वेळच्या उभे राहण्याबद्दलची चीडही होती, हे मला फार उशिरा कळले. लेकीची त्यातून सुटका व्हावी असे तिला मनापासून वाटत होते. सुटका झाली, पण बदल्यात मी पुढची कितीतरी वर्षे दुसऱ्या कोणाच्या तरी ओट्यावर अवलंबून राहिले, आणि त्या ओट्यांशीही बहुतेक वेळा बाईच उभी होती.

आधी कॉलेजची मेस, मग हिंजवडीला नोकरी लागल्यावर डबा. 2020च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि डबेवाल्या मावशी गावी अडकल्या, तेव्हापासून पाकिटे सुरू झाली. गरम पाणी ओतले की होणारा उपमा, पिशवीसकट उकळायची डाळ, तव्यावर शेकायचे पराठे, आणि अर्थातच नूडल्स. ज्या लातूरच्या बाजार समितीतील तुरीच्या भावाकडे राज्याचे लक्ष असते, जिथे डाळमिलच्या रांगा आहेत, तिथली मुलगी तुरीची डाळ शिजवलेली, फोडणी दिलेली, पाकिटात सील केलेली विकत घेत होती. वडिलांना हे सांगितले तेव्हा ते फोनवर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

तयार पदार्थांना नावे ठेवण्याची आपल्याकडे एक सोपी रीत आहे: "त्यात काय काय घातलेलं असतं, देव जाणे." मला ही रीत पटत नाही, कारण मी पाकिटे वाचणारी आहे. मी खात होते त्या डाळीत टिकवण्यासाठी कोणतेही रसायन नव्हते. अशा पिशव्या अनेक थरांच्या असतात; अन्न भरून त्या बंद करतात आणि मग दाबाखाली साधारण 121 अंशांपर्यंत तापवतात, त्यामुळे आतील जंतू मरतात आणि बाहेरचे आत शिरू शकत नाहीत. मैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने हे तंत्र आपल्या जवानांच्या शिध्यासाठी विकसित केले. सियाचीनसारख्या ठिकाणी जे चालते त्याला वाकडमध्ये बसून नाक मुरडण्याचे कारण नाही. मिठाची गोष्ट मात्र वेगळी आहे. पाकिटावरचे आकडे शंभर ग्रॅमचे असतात आणि पाकीट असते जवळजवळ तीनशे ग्रॅमचे, म्हणजे प्रत्येक आकड्याला तिनाने गुणावे लागते. तसे गुणले तेव्हा एका जेवणात दिवसभराच्या मर्यादेच्या निम्म्याजवळ सोडियम जात असल्याचे दिसले.

शिवाय तयार पदार्थ ही काही परक्या लोकांनी आपल्यावर लादलेली वस्तू नाही. मराठवाड्यात येसर करतात. धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळलेले हे पीठ डब्यात भरून ठेवले की पाहुणा आल्यावर उकळत्या पाण्यात कालवून फोडणी दिली की आमटी तयार. मेतकूट, भाजणी, कुरडया, सांडगे हे सगळे त्याच जातीचे. आईसुद्धा दिवाळीला गुलाबजाम पाकिटाचेच करत असे, आणि ते पीठ पाकिटात भरून विकणारी गिट्स ही 1963 साली सुरू झालेली कंपनी आपल्या पुण्यातलीच आहे. म्हणजे सोय वाईट नव्हती. माझे बिघडले होते ते निराळ्याच ठिकाणी. पाच वर्षांत मी शेकडो पाकिटे फाडली, पण पाचशेव्या पाकिटाच्या वेळी मला पहिल्या पाकिटापेक्षा तसूभरही जास्त काही येत नव्हते. आई येसर कालवताना पाणी मोजत नाही. "अंदाजानं घाल" म्हणते. तो अंदाज कुठल्या दुकानात मिळतो, हे मी तिला एकदा त्राग्याने विचारले होते.

गाडीवाल्याच्या प्रश्नाने मी ओशाळले आणि त्यावर उपाय म्हणून, माझ्या सवयीप्रमाणे, आणखी एक वस्तू विकत घेतली. विजेवर चालणारे, सात अंडी मावणारे, प्लॅस्टिकच्या झाकणाचे यंत्र. त्यासोबत एक लहानसे मापाचे भांडे येते. त्याच्या बुडाला टाचणी असते, तिने अंड्याच्या रुंद टोकाला बारीक छिद्र पाडायचे, भांड्यावरील खुणेइतके पाणी तव्यासारख्या चकतीवर ओतायचे आणि कळ दाबायची. पाण्याची वाफ होते, वाफेवर अंडी शिजतात, पाणी संपले की चकती एकदम तापते आणि यंत्र बंद पडते. चांगले यंत्र होते, मी त्याची निंदा करणार नाही. एकच गोष्ट मला खटकत होती: त्या भांड्यावर एका अंड्यासाठी जास्त पाण्याची खूण होती आणि सात अंड्यांसाठी कमी. हे उलटे का, हे मला कळेना, आणि कळेना म्हणून मी मुकाट्याने खुणेप्रमाणे वागत राहिले. पुढे दीड महिन्याने ते मापाचे भांडेच हरवले. माप नाही म्हणजे पाणी किती हे माहीत नाही, आणि ते माहीत नाही म्हणजे सत्तर रुपयांचे अर्धे डझन अंडे हाताशी असून न्याहारी नाही. तेव्हा माझ्या परिस्थितीचे मला प्रथमच हसू आले. सत्तर रुपये हा घरपोच पाठवणाऱ्या ॲपचा भाव, हेही येथे नोंदवून ठेवते.

त्याच सकाळी मी पुन्हा पातेले घेतले, थंड पाण्यात दोन अंडी ठेवली, गॅस लावला आणि कामाची बैठक सुरू झाली म्हणून लॅपटॉपसमोर जाऊन बसले. बैठक लांबली. पाणी आटले. कोरड्या पातेल्यात तापलेले अंडे फुटते तेव्हा केवढा आवाज होतो आणि केवढी दुर्गंधी सुटते, हे मला कळले आणि समोरच्या सदनिकेतील काकांनाही कळले.

दार उघडल्यावर ते काही बोलले नाहीत. सरळ आत येऊन त्यांनी गॅस बंद केला आणि खिडकी उघडली. छताला चिकटलेल्या पिवळ्या ठिपक्यांकडे थोडा वेळ पाहून म्हणाले, "उद्या सकाळी सातला ये माझ्याकडे. अंडी घेऊन ये. आणि पातेलं तुझंच आण, माझ्या पातेल्यात शिकून उपयोग नाही."

काका मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात मालगाडीचे गार्ड होते. 2022 पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण ते नाव घेतले की काका हाताने माशी वारल्यासारखे करतात. नोकरीची बरीच वर्षे दौंड, सोलापूर, वाडी येथील रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडी सोडल्यावर कर्मचाऱ्यांनी विसावा घ्यायच्या जागी, अवेळी पोहोचून जे असेल ते शिजवून खाण्यात गेली. काकू गेल्यापासून घरीही ते स्वतःच करतात. त्यांच्या ओट्यावर मोजून सात-आठ वस्तू आहेत आणि त्यांतील प्रत्येक रोज वापरली जाते.

दुसऱ्या दिवशी मी सहा अंडी आणि जळका डाग पडलेले पातेले घेऊन गेले. त्यांनी तीन प्रश्न विचारले: अंडी किती दिवसांची आहेत, फ्रीजमधून किती वेळापूर्वी काढली, आणि बलक कसा हवा. मला एकाचेही उत्तर देता आले नाही. मग त्यांनी पाण्याने भरलेल्या गंजात एक अंडे सोडले. ते तळाशी आडवे पडले, पण रुंद टोक किंचित वर उचललेले राहिले. "आठवडाभराचं असेल," काका म्हणाले. अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रे असतात. त्यांतून ओलावा जातो, हवा आत येते, रुंद टोकाकडील हवेची पोकळी वाढते आणि म्हणून जुने अंडे पाण्यात हळूहळू उभे राहते. अगदी वर तरंगले तर फेकून द्यायचे. ही गोष्ट पाच सेकंदांची होती आणि माझ्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत ती नव्हती.

अंडी वीस मिनिटे ओट्यावर ठेवून गारवा जाऊ दिला. पाणी उकळल्यावर गॅस मध्यम केला. मी अंडे हातात घेतले तेव्हा काकांनी पुढे झारा केला. "यावर बसवून उतरव. हा माल नाही, प्रवासी आहेत." चार अंडी एकेक करून झाऱ्यावरून तळाशी टेकवली, एकही तडकले नाही. मी मोबाइलवर वेळ लावू लागले तर ते म्हणाले, "लाव की. पण लिहूनही ठेव." गार्डला प्रत्येक स्थानकावरील गाडी येण्या-सुटण्याची वेळ नोंदवहीत लिहावी लागते, उशीर कुठे झाला हे त्यावरूनच शोधता येते. त्यांनी मला जुन्या डायरीची चार कोरी पाने फाडून दिली.

त्या पानांवर पुढचे तीन आठवडे नोंदी झाल्या. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरची चाचणी करणारी, त्यामुळे एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे मला सांगावे लागले नाही. अंडी त्याच दुकानातील, पातेले तेच, पाणी अंड्यांवर दोन बोटे, आणि फक्त मिनिटे बदलत गेले. सहा मिनिटांना पांढरे जेमतेम धरले होते आणि बलक वाहत होता. साताला बलक मधासारखा घट्ट. आठाला कडेने बसलेला आणि मध्ये ओलसर. नवाला सगळा बसलेला, पण मध्यभागी अजून मऊ, गडद केशरी. दहा-अकराला फिकट आणि कोरडा. पंधराला पांढरे रबरासारखे आणि बलकाभोवती राखाडी-हिरवी कड. ही कड पाहून मी थबकले, कारण गाडीवरच्या अंड्यांना ती नेहमीच असे, आणि चार महिने मला वाटत होते की उकडलेल्या अंड्याचा तो नैसर्गिक रंगच आहे. प्रत्यक्षात ती जास्त शिजल्याची खूण आहे: पांढऱ्या भागातून निघणारा गंधकाचा वायू आणि बलकातील लोह यांचा संयोग होऊन ती तयार होते. अपाय काही नाही. पण तीस रुपये देऊन मी रोज करपलेल्या भाकरीसारखी गोष्ट आवडीने खात होते.

मिनिटांचा हा खेळ कशामुळे चालतो, हे त्यानंतर वाचून समजले. पांढऱ्यातील प्रथिने एकाच तापमानाला गोठत नाहीत. काही साठ अंशांच्या थोडे वर गोठू लागतात, तर त्यांतील मुख्य प्रथिनाला ऐंशीच्या आसपास तापमान लागते, आणि बलक पासष्ट ते सत्तरच्या दरम्यान घट्ट होतो. उष्णता बाहेरून आत जाते, त्यामुळे बाहेरचे पूर्ण शिजून आतले मऊ राहण्याची एक लहानशी फट मिळते, आणि ती आपल्याकडील पन्नासेक ग्रॅमच्या अंड्यांना माझ्या पातेल्यात नवव्या मिनिटाला सापडते. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच असल्याने येथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते. मुंबईतील मैत्रिणीला माझी नऊ मिनिटे किंचित जास्त वाटली, ती कदाचित त्यामुळे आणि कदाचित तिच्या अंड्यांमुळे. आणि यंत्राच्या उलट्या खुणांचे कोडेही असेच एका सकाळी भांडी घासताना सुटले. वाफ थंड अंड्यांवर आदळून पुन्हा पाणी होते आणि खाली ठिबकते. अंडी जास्त असतील तर पाणी जास्त परत येते, म्हणून ओतायचे कमी लागते. दीड महिना जी खूण मी आज्ञा म्हणून पाळत होते ती प्रत्यक्षात एक साधे कारण होती.

सोलणे मात्र सहजी आले नाही. दुसऱ्या आठवड्यात मी हौसेने मुळशीकडच्या एका शेतकऱ्याकडून त्याच दिवशीची गावरान अंडी आणली आणि नऊ मिनिटे अगदी काटेकोर मोजूनही त्यांची साल काढताना अर्धे पांढरे कवचाबरोबर निघून आले. मला वाटले माझेच काही चुकले. काका हसून म्हणाले, "ताजं आहे ना, सोडत नाही." ताज्या अंड्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो दिवसागणिक छिद्रांतून निघून जातो आणि पांढरा भाग अधिकाधिक अल्कधर्मी होत जातो, तसे झाले की तो कवचाच्या आतील पापुद्र्याला कमी चिकटतो. म्हणून उकडायला आठ-दहा दिवसांची अंडी चांगली आणि ताजी अंडी भुर्जीला किंवा ऑम्लेटला. शिवाय थंड पाण्यापासून सुरुवात करण्यापेक्षा उकळत्या पाण्यात सोडलेली अंडी जास्त नीट सुटतात, हे माझ्या चार पानांतही दिसते. पाण्यात मीठ घातल्याने साल सुटते असे पुष्कळजण सांगतात. मला तसे आढळले नाही. तडकलेल्या अंड्यातून बाहेर येणारे पांढरे मिठाने लवकर गोठते आणि फार पसरत नाही, एवढा उपयोग नक्की आहे.

दोन बोटे पाणी ओतून ते सिंकमध्ये टाकून देणे मला जड जात होते. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आणावे लागले होते. मी तेव्हा पुण्यात होते, पण आई-वडील त्या पाण्याच्या रांगेत होते. तेव्हापासून आमच्या घरात डाळ धुतलेले पाणीसुद्धा तुळशीला जाते. म्हणून मी एक प्रयोग केला: पातेल्यात जेमतेम एक पेर पाणी, अंडी अर्धीअधिक उघडी, वर घट्ट झाकण. वाफ आणि उकळते पाणी यांचे तापमान सारखेच, त्यामुळे फरक पडू नये असा माझा तर्क होता, आणि फरक पडला नाही. एखादे मिनिट जास्त लागले. गॅसही कमी जळतो. काकांनी ते पाहिले, सोलून खाल्ले, आणि "हे मला माहीत नव्हतं" असे म्हणून स्वतःच्या घरी तसेच करू लागले. त्या दिवशी झाला इतका आनंद मला पदवी मिळाली तेव्हाही झाला नसेल.

अंड्यानंतर डाळ आली, कारण हात मोकळा झाला की माणूस पुढे सरकतो. येथे आई फोनवर होती. "कुकरात डाळ, हळद, हिंग, पाणी अंदाजानं" असे तिने सांगितले, आणि मी उत्साहाच्या भरात चिंचेचा कोळही आधीच घातला. पाच शिट्ट्यांनंतर डाळ तशीच दाण्यादाण्यांची, आणखी चार शिट्ट्यांनंतरही तशीच. आंबट पदार्थाने डाळ शिजायला अडते, म्हणून चिंच, आमसूल, टोमॅटो नंतर घालायचे, हे आईला इतके अंगवळणी पडलेले की ते सांगायचे असते हेच तिच्या ध्यानात आले नव्हते. आमच्या इमारतीला येणाऱ्या टँकरच्या जड पाण्यानेही वेळ लागतो. आता मी डाळ अर्धा तास भिजवते आणि पिण्याच्या पाण्यात शिजवते. आईचा अंदाज आणि माझे आकडे यांची तेव्हापासून फोनवर वाटाघाट चालू असते. ती "थोडं" म्हणाली की मी "किती चमचे" विचारते. ती वैतागून वाटी घेते, मोजते, आणि स्वतःच आश्चर्याने सांगते की अगं, रोज पाऊणच वाटी घालते मी.

वेळेचा हिशेबही मी एकदा मांडला, कारण "वेळ कुठे आहे" हे माझेच जुने वाक्य होते. दोन मिनिटांचे म्हणून ओळखले जाणारे नूडल्स, पाणी तापवण्यापासून ताटलीत येईपर्यंत, माझ्या शेगडीवर साडेआठ मिनिटे घेतात. दोन अंड्यांसाठी पेरभर पाणी उकळायला दोन-तीन, शिजायला दहा आणि गार करून सोलायला दोन, मिळून चौदा-पंधरा मिनिटे लागतात, पण त्यांतील दहा मिनिटे मी अंघोळीला किंवा डबा भरायला मोकळी असते. ॲपवरून मागवलेले जेवण सरासरी अर्ध्या तासाहून अधिक वेळ घेते आणि तो सगळा वेळ मी मोबाइलवर त्या दुचाकीचे चित्र कुठे पोहोचले हे पाहण्यात घालवत असे. कांदेपोह्यांना अजून वीस मिनिटे लागतात. त्यातील बारा कांदा चिरण्यात जातात, हे मात्र कबूल करायला हवे.

सगळेच घरी करायचे, असे व्रत मी घेतलेले नाही. पोळ्या मी पंधरा दिवस लाटल्या, त्यांचे नकाशे झाले, त्यांतील निम्मे वातड झाले, आणि मग मी तो नाद सोडून दिला. पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून येतात. तिथल्या मावशींचा हात माझ्या जन्मात मला येणार नाही. सोललेले मटार गोठवलेले घेते, येसर आई पाठवते, आणि प्रवासासाठी त्या पिशवीतल्या डाळीचे एक पाकीट घरात असतेच. आता ते पाकीट फाडताना त्यात थोडे गरम पाणी आणि वरून लिंबू घातले की मीठ सौम्य लागते, एवढे कळते. भुर्जीच्या गाडीवर मी अजूनही जाते, भुर्जी खायला.

गेल्या महिन्यात आई आठ दिवस राहायला आली. अंड्याचे पातेले, झारा आणि चिमटा मी वेगळ्या कप्प्यात ठेवले होते आणि ती असेपर्यंत अंडी बंद ठेवायचे ठरवले होते. तिसऱ्या दिवशी तिनेच विचारले, "डॉक्टरांनी सांगितलंय ना? मग कर तुझं ते. मी बाल्कनीत बसते." मी अंडी ठेवली, झाकण घातले, मोबाइलवर वेळ लावली आणि अंघोळीला गेले. नळाच्या आवाजात घंटी ऐकूच आली नाही. बाहेर आले तेव्हा गॅस बंद होता, पातेले सिंकमध्ये होते आणि त्यात अंड्यांच्या वर थंड पाणी होते. आई साबण लावून, कोपरापर्यंत, हात धूत होती.

"वाजलं म्हणून उतरवलं," ती म्हणाली. "पण तू किती मिनिटं लावली होतीस?"

"दहा. पाणी कमी असतं म्हणून एक जास्त."

तिने हात पुसले, दुसऱ्यांदा साबण घेतला आणि म्हणाली, "झाकणावरची वाफ बघून मला आधीच वाटलं होतं, झालंय म्हणून."